नॉर्वेतली अंगारकी

रात्रीचे अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती आणि आमची अक्का बोटीच्या डेकवर कपाळावर हात धरून बसली होती. ऊन लागत होतं म्हणून.

"बाळू, उगवला का रे?"

"अजून न्हाय, अक्का."

"नीट बघ. त्या डोंगरामागे असेल."

"डोंगरावर सूर्य हाय, अक्का. त्यो मावळायचं नाव घेत न्हाय, मग ह्यो उगवणार कुठनं? एका पाटावर दोघं जेवाय बसत्यात व्हय?"

अक्कानं माझ्याकडं असं बघितलं, की मी त्रेसष्ट वर्षांचा घोडा पुन्हा चड्डीत आलो. तिनं पदर घट्ट केला, शालीवर शाल ओढली आणि पुन्हा पूर्वेकडं डोळे लावले. मांडीवर स्टीलचा डबा होता. डब्यात एकवीस मोदक. पहाटेपासून तिनं पाण्याचा थेंब घेतला नव्हता. अंगारकी होती, आणि अंगारकी ती निर्जळी करायची.

आता हे सगळं कसं घडलं ते सांगतो. एरवी मी सांगितलेल्यातलं निम्मं लोक सोडून देतात, तेवढी सूट आहेच. पण ह्या गोष्टीला साक्षीदार आहेत.

आमची अक्का आटपाडीकडच्या शाळेत पस्तीस वर्षं भूगोल शिकवत होती. 'नॉर्वे हा मध्यरात्रीच्या सूर्याचा देश होय' हे वाक्य तिनं पोरांच्या तीन पिढ्यांकडून घोकून घेतलं. खुद्द नॉर्वेच्या लोकांनी ते एवढ्या वेळा म्हटलं नसेल. निवृत्त झाल्यावर तिनं एकच इच्छा बोलून दाखवली. ते उत्तरेचं टोक, जिथं जमीन संपते आणि सूर्य बुडत नाही, ते एकदा डोळ्यांनी बघायचं. तिच्या पोरानं, शिरीषनं, पुण्यातून तिकीट काढलं. सोबतीला मला घातलं. माझ्या बायकोला विचारलं तर म्हणाली, "बोटीत बसायला मी काय मासा आहे?" म्हणून तिच्या जागी माझा दोस्त अण्णाप्पा मगदूम आला. जयसिंगपूरचा ऊसवाला, जैन, पोटानं भरभक्कम आणि मनानं लोणी.

पस्तीस वर्षं भूगोल शिकवलेल्या अक्काच्या लक्षात एक गोष्ट आली नव्हती. ज्या गावात सूर्य मावळत नाही, तिथं जूनच्या कृष्ण पक्षातला चंद्र वर यायला कां कूं करतो. आला तरी क्षितिजावर नुसता नाक घासून परत जातो. सहावीच्या पुस्तकात हे नव्हतं. आणि जे पुस्तकात नाही ते अक्काच्या जगात नाही. तारखा ठरल्या, विमान ठरलं, बोट ठरली. बोटीवर पाचव्या दिवशी तिनं पिशवीतून पंचांग काढलं आणि म्हणाली, "अगं बाई, मंगळवारी अंगारकी."

मी म्हटलं, "आपल्याकडं नऊ पन्नासला चंद्रोदय. घड्याळ लाव आणि जेव."

"आपल्याकडे म्हणजे? मी कुठे आहे?"

"हितं."

"मग भूक कुठे लागणार आहे? आटपाडीत?"

"पावसाळ्यात ढग असत्यात, तवा तर पंचांगाची वेळ धरून जेवतीस की!"

"ढगामागे तो उगवलेला असतो, बाळू. दिसत नाही एवढंच. इथे तो उगवलेलाच नाही. न उगवलेल्या चंद्राला मी हात जोडू?"

बाईनं पस्तीस वर्षं पोरांना गप्प केलेलं. मी घड्याळ खिशात टाकलं.

ही संकष्टी ती कशासाठी धरते, हे कुणालाच माहीत नव्हतं. नवऱ्याला माहीत नव्हतं, पोराला नव्हतं. विचारलं की म्हणायची, "माझं मला ठाऊक." चोपन्न वर्षांत एक चतुर्थी चुकली नव्हती. बाळंतपणात नाही, टायफॉइडमध्ये नाही.

तिकडं मगदूमचं उलटंच चाललेलं. दिवस मावळला की अण्णाप्पा पाण्यालाही शिवत नाही. जयसिंगपुरात सहा वाजले की ताट झाकून बसायचा आणि सकाळपर्यंत उसासे टाकायचा. हितं बोट वर सरकली, सूर्यानं मावळणं बंद केलं आणि अण्णाप्पाला मोक्षच मिळाला.

"दिवस मावळला का?" तो दर तासाला विचारायचा.

"न्हाय."

"मग काय अडचण आहे?" असं म्हणून तो भोजनगृहाकडं निघायचा. पाव, लोणी, फळं, पुन्हा पाव. तीन दिवस तो झोपलाच नाही. म्हणायचा, "अशी संधी देवानं पुन्हा दिली न दिली!" एकाच बोटीवर एक जण सूर्य मावळत नाही म्हणून जेवत होता आणि एक बाई चंद्र उगवत नाही म्हणून उपाशी होती. आणि मधे मी.

मंगळवारी दुपारी बोट एका किनाऱ्यावरच्या गावात थांबली. लाल-पिवळी लाकडी घरं, दोरीवर वाळत घातलेले मासे, आणि बोकडाएवढे समुद्रपक्षी. एकानं माझी टोपी उचलली, हुंगली आणि नापसंत म्हणून परत आणून टाकली. सगळे प्रवासी चर्च बघायला गेले. अक्का एका घराच्या पायरीवर बसली. तिथं एक केसाळ करडी मांजर आली आणि तिच्या मांडीवर चढली. अर्धा तास अक्का तिला कुरवाळत होती. चर्च राहिलं. मी म्हटलं, "चल की." तिनं मांजराकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, आणि उठली. त्या बघण्यात काय होतं ते तेव्हा मला कळलं नाही. म्हणजे कळलं, पण न कळल्यासारखं केलं.

संध्याकाळी जिन्यात अक्काला भोवळ आली. बोटीवरचा डॉक्टर धावला. नाडी बघितली, रक्तदाब बघितला आणि मला बाजूला घेतलं. आमचं दुभाष्याचं काम कायतान करायचा. कायतान म्हणजे बोटीचा आचारी, गोव्याचा, मडगावकडचा, पन्नाशीचा. त्यानंच अक्काचे मोदक उकडून दिले होते. पीठ आणि खोबरं अक्का कुठंही निघाली तरी घरून घेते.

"सायबा, डॉक्टर सांगतो," कायतान म्हणाला, "सकाळी आठापर्यंत बायनं काय खाल्लं-प्यालं नाय, तर पुढल्या बंदराक उतरवून हॉस्पिटलात घालणार. तिकडून सरळ घरी."

"आणि ते टोक?"

"टोक परवा. बाय टोकाक पोचणार नाय."

पस्तीस वर्षं जे शिकवलं, त्याच्या दारातनं परत फिरायचं. मी अक्काला सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "चंद्र आला तर जेवीन. नाही आला तर परत जाऊ." आणि तोंड फिरवलं. तोंड फिरवताना तिनं डोळे पुसले, ते मी बघितलं.

आता मी कोण, ते सांगायला हवं. मी बैलबाजाराचा दलाल. खरसुंडीच्या जत्रेत चाळीस वर्षं खिलार बैलांचे सौदे केले. म्हाताऱ्या बैलाला मी दोन दाती, म्हणजे कोवळा, करून विकलाय. लंगड्या बैलाला 'नाचत चालतो' म्हणून विकलाय. तेव्हा एक चंद्र उभा करणं मला काय जड?

कायतानच्या स्वयंपाकघरात दीडशे माणसांच्या सुपाचं पातेलं होतं. त्याचं झाकण बैलगाडीच्या चाकाएवढं, घासून आरशासारखं केलेलं. ते मी मगदूमच्या हातात दिलं.

"अण्णाप्पा, वरच्या डेकवर जायचं, त्या जीवरक्षक होडीच्या मागं उभं ऱ्हायचं आणि हे सावकाश वर उचलायचं. सूर्य समोर हाय, उजेड पडल. धुकंबी हाय. सावकाश हां! चंद्र उगवतोय, लिफ्ट न्हाय वर येत."

"पाप लागेल रे," मगदूम म्हणाला. हातात पाव होता.

"अक्का परत गेली तर आपुनबी परत. पुढं तीन दिवस दिवस मावळत न्हाय, इचार कर."

मगदूमनं विचार केला आणि झाकण उचललं.

साडेअकराला मी खाली डेकवर येऊन अक्काशेजारी उभा राहिलो. थोड्या वेळानं धुक्यातून, होडीच्या वरून, पांढरं शुभ्र, लखलखीत काहीतरी वर येऊ लागलं. खरं सांगतो, मला स्वतःला हात जोडावेसे वाटले.

"अक्का! आला! आला बघ!"

अक्का धडपडत उठली. चष्मा पुसला, पुन्हा लावला. हात जोडले. मग हात तसेच ठेवून म्हणाली, "बाळू, चतुर्थीचा चंद्र पुरा गोल कसा रे?"

"हितं गोलच असतोय. थंडी हाय ना, झिजत न्हाय."

"आणि त्याला मधे मूठ कसली?"

"डाग असंल. आपल्या चंद्रावर ससा असतोय, हितल्या चंद्रावर..." मला नॉर्वेतलं जनावर आठवेना.

तेवढ्यात चंद्रानं ढेकर दिला.

साधासुधा नाही. तीन दिवसांचा साठवलेला, पाव-लोण्याचा, डोंगराला आदळून परत येणारा ढेकर. दोन पक्षी उडाले. चंद्र घाईनं मावळला, वरून झाकण खडखडत जिन्यावरून आलं, अक्काच्या पायाशी गोल गोल फिरलं आणि पालथं पडलं.

अक्कानं जोडलेले हात खाली घेतले. मला वाटलं आता फाडफाड बोलेल. ती फक्त म्हणाली, "खोट्या चंद्राला नैवेद्य दाखवून माझं व्रत मोडणार होतास, बाळू. चोपन्न वर्षांचं." डबा उचलला, केबिनमध्ये गेली आणि आतून कडी लावली.

मगदूम जिना उतरून आला. मान खाली. "मी दाबला होता रे. शेवटी निसटला."

मी त्याच्यावर काय रागावणार? त्याच्या ढेकरात खोटं काही नव्हतं. सगळ्या प्रकारात तेवढंच एक खरं होतं.

मध्यरात्रीनंतर बोट एका फियोर्डमध्ये शिरली. फियोर्ड म्हणजे डोंगरांच्या पोटात घुसलेली समुद्राची गल्ली. दोन्ही बाजूंना एवढे उंच कडे की मान वर केली तर टोपी पडते. तिथं नांगर टाकला आणि कॅप्टन कॉफी प्यायला भोजनगृहात आल्या. कॅप्टन म्हणजे बाई होत्या. सिग्रिड नाव. उंची फाटकाएवढी, गाल टोमॅटोसारखे. सवयीनं मी आधी दात बघितले. दात पक्के, जनावर खात्रीचं.

मी समोर जाऊन बसलो. कायतानला मधे बसवलं. म्हटलं, "विचार त्यांना, चंद्र कधी दिसणार?"

कॅप्टनबाई हसल्या. मग सगळं ऐकून घेतल्यावर हसणं थांबवलं. वहीसारखं काहीतरी काढलं, आकडे बघितले, बोटांनी हिशेब केला.

कायतान म्हणाला, "सांगता की हांगा डोंगराआड चंद्र दिसणारच नाय. पण फियोर्डाच्या तोंडाबाहेर, दक्षिणेक दोन बेटं आसत. त्यांच्या फटीत पहाटे तीन-चाळीसाक चंद्र दिसता. आठ-धा मिनिटं. मागीर बेटाआड."

"मग चला की भायेर!"

"बोट पाचाक सुटता. टायमटेबल."

आता टाइमटेबल हे माणसानं केलेलं असतं, आणि माणसाशी सौदा होतो. मी विचारलं, "बाईंचं गाव कुठलं?" कळलं की बाप शेतकरी, घरी चाळीस गाई. मी विचारलं, "दूध किती देत्यात?" बाईंचे डोळे चमकले. पाच मिनिटांत आम्ही कासदाह, वासरं, गोठ्यातली ओल ह्यावर आलो. कायतान घामाघूम झाला, त्याला कासदाहाचं इंग्रजी येत नव्हतं. बाईंनी हातानं कास काढून दाखवली, मी हातानं पिळून दाखवली.

मग मी टेबलावरचा रुमाल उचलला.

आमच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघं हातात हात घेतात, वर उपरणं टाकतात आणि आत बोटांनी बोलतात. एक बोट धरलं तर एक, पंजा धरला तर पाच. भोवती शंभर माणसं असली तरी कुणाला काही कळत नाही, आणि कुणाचा मान जात नाही. मी कायतानला म्हटलं, "सांग त्यांना. बोट दोन तास आधी सोडायची, बदल्यात मोदक. किती, ते बोटांनी ठरवू."

बाईंनी मोदकांचा वास दुपारीच घेतला होता. हात पुढं केला. मी वर रुमाल टाकला आणि दोन बोटं धरली.

त्यांनी माझा पंजा दोनदा आवळला. दहा!

मी तोंड कडू केलं. उठायचं सोंग केलं. पुन्हा बसलो. चार बोटं धरली. बाईंनी कॉफीचा घोट घेतला, बाहेर बघितलं, जणू त्यांचा हात दुसऱ्याच कुणाचा होता. मनात म्हटलं, ही खरसुंडीत जन्मली असती तर माझा धंदा बसला असता. शेवटी एक पंजा आणि तीन बोटांवर सौदा पटला. आठ मोदक, दोन तास. पाचच्या ठिकाणी तीनला बोट सुटणार, फटीसमोर थांबणार, आणि टायमाला पुढच्या गावात.

"पण नैवेद्याआधी एकबी मिळणार न्हाय," मी म्हटलं.

कायताननं सांगितलं. बाईंनी मान हलवली. मग कायतान हळूच म्हणाला, "सायबा, आणि म्हजी दलाली?"

"एक मोदक."

"मोठासो बघून दी."

तीनला इंजिन घरघरलं. साडेतीनला आम्ही कड्यांच्या बाहेर. समुद्र दुधासारखा, उन्हाची तिरीप पाण्यावर. मगदूम पुढं टोकाला उभा. तीन चाळीसला त्याची आरोळी आली, "आला रे! खरा आला!"

मी धावत बघायला गेलो. दोन काळ्या बेटांच्या मधे, अगदी पाण्याच्या वर, चंद्र होता. फिकट, एका बाजूनं झिजलेला, पाण्यात पडून निम्मा विरघळलेल्या बत्ताशासारखा. मूठ नव्हती.

तसाच पळत खाली गेलो आणि केबिनचं दार वाजवलं.

"अक्का! चंद्र आला!"

"मघाचा का?"

"न्हाय! खरा! उठ!"

"त्याला म्हणावं सोडा घे."

"अक्का, गणपतीची शपथ!"

"अंगारकीला गणपतीची खोटी शपथ खातोस? जा, झोप."

वरून मगदूम ओरडला, "पाच मिनटं! सरकतोय रे!"

चाळीस वर्षांचा धंदा माझा. आंधळ्याला बैल दाखवून पटवलाय. आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडं खरा माल होता, तर गिऱ्हाईक दार उघडेना. दोन्ही बाजूंच्या केबिनमधून गोरे लोक झोपेच्या कपड्यांत बाहेर आले. मी दाराला डोकं टेकलं.

"अक्का, मी लबाड हाय. मान्य. सातवीच्या प्रगतिपुस्तकावर तुझी सही मीच मारलेली."

"ठाऊक आहे. माझ्यापेक्षा चांगली मारली होतीस."

"भावोजींना बैल दिलेला. चार वर्षांचा म्हणून सांगितला. त्यो अकराचा होता."

"तेही ठाऊक आहे. ते जाईपर्यंत मला त्या बैलाचं वय विचारत होते."

"तीन मिनटं!" मगदूम.

मग माझ्या तोंडून ते निघालं. मी ठरवलं नव्हतं. ठरवून मी फक्त खोटं बोलतो.

"अक्का, मनीनं मोदक खाल्ले नव्हते."

मनी म्हणजे अक्काची मांजर.

"पाच मोदक. टोपलीखाली नैवेद्याचे. मी खाल्ले. नऊ वर्षांचा हुतो. दादा विचारायला आले आणि मनी तितंच बसलेली. मी बोट दाखवलं. दादांनी तिला पोत्यात घातली आणि माणगंगेपल्याड सोडली. तू तीन दिस नदीच्या कडंनं हाका मारत फिरलीस. मी तुझ्यासंगं फिरलो, अक्का. मीबी हाका मारल्या. आणि तरीबी सांगितलं न्हाय."

कडी निघाली.

अक्का दारात उभी होती. केस सुटलेले, हातात डबा. माझ्याकडं बघत होती, पण त्या त्रेसष्ट वर्षांच्या माझ्याकडं नाही.

"चल," ती म्हणाली. "कुठे आहे चंद्र?"

"बघितल्याशिवाय कसा काय इश्वास ठेवलास?"

"मांजराचं कबूल करणारा चंद्राचं खोटं बोलणार नाही. चल लवकर."

मी तिला हाताला धरून, जवळजवळ उचलून वर नेलं. चंद्र बेटाला टेकलेला. एक कड आत गेलेली. अक्कानं पळीनं अर्घ्य दिलं, नॉर्वेच्या समुद्रात आटपाडीहून आणलेल्या बाटलीतलं पाणी पडलं. अक्षता, दूर्वांच्या ठिकाणी कायताननं आणलेली कोथिंबीर. हात जोडले, ओठ हलले. आणि चंद्र गेला.

तिनं पहिला मोदक मोडला. निम्मा माझ्या तोंडात कोंबला, निम्मा स्वतः खाल्ला. मग पाणी प्यायली, गटागटा. वर सुकाणूच्या खोलीतून कॅप्टनबाई बघत होत्या. त्यांनी आठ बोटं दाखवली. मी डबा वर पाठवला. कायताननं मोठा बघून एक उचलला. मगदूमनं सूर्याकडं बघितलं, दिवस आहे ह्याची खात्री केली आणि तीन खाल्ले.

खाताखाता त्यानंच विचारलं, "अक्का, एवढी चोपन्न वर्षं चतुर्थी कशापायी धरलीत हो?"

अक्कानं पदरानं तोंड पुसलं. "दादांनी, आमच्या वडलांनी, मनीला सोडलं ना, त्या महिन्यापासून धरली. ह्याच्या तोंडाला गूळ लागलेला मी तेव्हाच बघितला होता. नऊ वर्षांचं आईविना पोर. मारलं तर कबूल करेल, पण ते मार चुकवायला. म्हटलं गणराया, ह्यानं एकदा तरी आपणहून खरं बोलावं. तोवर चतुर्थी सोडणार नाही."

मगदूमचा घास हातात राहिला. मी समुद्राकडं बघत होतो. वारा फार होता, डोळ्यांत पाणी येत होतं.

"झालं आता," अक्का म्हणाली. "घरी गेलो की उद्यापन."

सकाळी आठला डॉक्टर आला, तर अक्का त्याला उपासाचे फायदे सांगत बसलेली. दुसऱ्या दिवशी आम्ही त्या टोकावर पोचलो. कड्यावर उभी राहून तिनं समोरचं नुसतं पाणी आणि न बुडणारा सूर्य बघितला. मग मोठ्यानं म्हणाली, "नॉर्वे हा मध्यरात्रीच्या सूर्याचा देश होय." शेजारच्या जर्मन बाईनं टाळ्या वाजवल्या.

गावाला आल्यावर अक्कानं उद्यापन केलं. एकवीस मेहुणं जेवली. संध्याकाळी माणसं पारावर जमली. म्हणाली, बाळूदा, नॉर्वेचं सांगा की. मी सांगितलं. आता नुसतं 'बोट बाहेर काढली आणि चंद्र दिसला' असं कोण ऐकून घेणार? म्हणून मी एवढंच जोडलं, की चंद्र बेटात अडकलेला. वर येईना. मग मी बोटीचा दोर काढला, फास टाकला, चंद्राच्या त्या झिजलेल्या कोपऱ्याला अडकवला, आणि इकडून मगदूम, तिकडून कॅप्टनबाई, मधे मी, असा खिलार जोडीसारखा ओढून वर काढला. कॅप्टनबाईंच्या हाताला अजून घट्टे आहेत.

लोक खूश झाले. मागं वळून बघतो तर अक्का उभी. हातात उद्यापनाच्या लाडवांची परात.

तिनं लाडू वाटले आणि घरी गेली. पुढच्या चतुर्थीला दुपारी मी तिच्याकडं जेवायला गेलो, तर चूल थंड. पाटावर पंचांग उघडं.

"अगं, उद्यापन झालं ना?"

"झालं. आता नवं धरलंय," अक्का म्हणाली. "चंद्रोदय नऊ बेचाळीस."

त्याला बारा वर्षं झाली. अक्का आता चौऱ्याऐंशीची आहे. गुडघे बरे, डोळे बरे, रक्तदाब पोरीसारखा. डॉक्टर म्हणतात, ही सगळी त्या उपासाची करामत. उपास सुटला तर काही सांगता येत नाही.

तेव्हा तुम्हीच सांगा, मी खोटं बोलणं सोडू तरी कसं?